दिसणारे पण ऐकू न येणारे तानपुरे: ओबीएस स्टुडिओसोबतची चार वर्षे

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे आम्ही ओबीएस स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करतो. मालेचा शेवटचा दिवस प्रथेप्रमाणे गाण्याचा असतो. तीन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी गायिकेने षड्ज लावून पाच-सात मिनिटे झाली असतील, तोच माझ्या खिशातला फोन थरथरू लागला. बंगळूरला मुलाकडे राहायला गेलेले वाचनालयाचे जुने कार्यवाह पलीकडून बोलत होते. “अहो, तानपुरे दोन दिसताहेत, पण एकही ऐकू येत नाहीये. जवारी लागली नाही का?” सभागृहात तर दोन्ही तानपुरे सुरेख बोलत होते. मी तोवर पडद्यावरची ध्वनिपट्टी हिरव्या-पिवळ्यात नाचते आहे एवढे पाहूनच निर्धास्त होतो. हेडफोन पहिल्यांदा कानाला लावले ते त्या फोननंतर. गायिकेचा आवाज एखाद्या कोरड्या विहिरीतून यावा तसा येत होता, आणि ती श्वास घ्यायला थांबली की मागे काहीच उरत नव्हते. आलापाच्या सुरुवातीला तानपुऱ्याची एखादी झणत्कार उमटायची आणि लगेच कोणीतरी ती पुसून टाकायचे.

पुसून टाकणारा मीच होतो. आधीचे चार दिवस भाषणे होती आणि सभागृहातील जुन्या पंख्यांची घरघर प्रक्षेपणात जाऊ नये म्हणून मी ध्वनिमार्गावर गोंगाट कमी करणारा फिल्टर लावला होता. पाचव्या दिवशी तो काढायचे राहून गेले. त्या फिल्टरला माणसाचे बोलणे तेवढे राखायचे आणि बाकीचे दाबायचे, एवढेच ठाऊक असते. सतत एका पट्टीत चालणारा पंख्याचा आवाज आणि सतत एका पट्टीत चालणारा तानपुरा यांत त्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. मी फिल्टरपुढच्या डोळ्याच्या चिन्हावर एकदा टिचकी मारली आणि तानपुरे परत आले. पंख्यांची घरघरही परत आली, पण तिच्याबद्दल कोणी फोन केला नाही.

हा सगळा प्रकार ज्या सॉफ्टवेअरमध्ये घडला ते म्हणजे ओबीएस स्टुडिओ. ओबीएस हे ‘ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअर’ या नावाचे लघुरूप असून ते थेट प्रक्षेपणासाठी आणि व्हिडिओ मुद्रित करण्यासाठी वापरले जाते. ते विनामूल्य आहे आणि मुक्तस्रोतही आहे. म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत एवढेच नव्हे, तर त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येते. २०१२ साली ह्यू बेली या प्रोग्रॅमरने त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली; ‘जिम’ या नावाने तो त्या वर्तुळात ओळखला जातो. सुरुवातीचे ओबीएस केवळ विंडोजवर चालत असे आणि मुख्यतः व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या उपयोगाचे होते. पुढे त्याने आणि त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींनी ते पायापासून नव्याने लिहिले, जेणेकरून ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालावे. आज आपण वापरतो ते हेच पुनर्लेखन. खेळाडूंसाठी घडवलेली ही वस्तू पुढे मंदिरांच्या आरत्यांपर्यंत, शिकवण्यांपर्यंत आणि आमच्यासारख्या व्याख्यानमालांपर्यंत येऊन पोहोचली. २०२० साली शाळा-महाविद्यालये पडद्यावर गेली, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात आलेल्या २६व्या आवृत्तीने विंडोजवर ‘व्हर्च्युअल कॅमेरा’ आणला आणि ओबीएसमध्ये जुळवलेले चित्र थेट ऑनलाइन वर्गात कॅमेऱ्याच्या जागी देता येऊ लागले. फळा, स्वतःचा चेहरा आणि पुस्तकाचे पान एकाच चौकटीत दाखवणारे कितीतरी शिक्षक तेव्हा हे नाव शिकले. मीही त्यांच्यापैकीच एक.

ओबीएस तुमच्यासाठी स्वतः होऊन जवळजवळ काहीच ठरवत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर एक काळी चौकट दिसते आणि खाली पाच रकाने. नव्या माणसाला वाटते की काहीतरी बिघडले आहे. हीच त्याची अडचण, आणि माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण. कारण पुढे जे काही चुकते ते आपण सांगितल्याप्रमाणेच झालेले असते आणि म्हणून शोधून काढता येते.

त्यातील मूळ कल्पना दोनच आहेत, सोर्स आणि सीन. कॅमेरा, माइक, संगणकाचा पडदा, एखादे चित्र, एखादी अक्षरपट्टी हे सगळे सोर्स. ते हवे तसे एकमेकांवर रचले की एक सीन तयार होतो. व्याख्यानांना आमच्याकडे ‘प्रतीक्षा’, ‘वक्ता’, ‘वक्ता आणि स्लाइड’ आणि ‘मध्यंतर’ असे चार सीन पुरतात. स्टुडिओ मोड चालू केला की डावीकडे पुढचे दृश्य जुळवता येते आणि उजवीकडे प्रेक्षकांना दिसणारे दृश्य तसेच राहते, त्यामुळे अध्यक्षांच्या डोक्यावरून स्लाइड सरकवण्याचा उद्योग चारचौघांत करावा लागत नाही. येथे एक बारकावा मला उशिरा कळला. एकच माइक चार सीनमध्ये घातला तरी तो सोर्स एकच असतो, आणि त्याला लावलेला फिल्टर सीनला नव्हे तर सोर्सला चिकटतो. तानपुऱ्यांचा घोळ होण्याचे खरे कारण हेच होते. ‘गायन’ नावाचा वेगळा सीन मी केला होता आणि सीन वेगळा म्हणजे माइकही वेगळा, अशी माझी भाबडी समजूत होती.

गोंगाट कमी करण्याच्या त्या फिल्टरबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मला त्याने चांगलेच गुंतवून ठेवले. ओबीएसमध्ये त्यासाठी प्रामुख्याने स्पीक्स आणि आरएननॉइझ अशा दोन पद्धती मिळतात, आणि गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी जाँ-मार्क व्हालँ या एकाच ध्वनितंत्रज्ञाचे काम आहे. स्पीक्स ही जुन्या वळणाची, गणिती सूत्रांवर चालणारी पद्धत. आरएननॉइझमध्ये बोलण्याचे आणि गोंगाटाचे असंख्य नमुने ऐकवून शिकवलेले एक छोटे न्यूरल नेटवर्क असते. ते येणारा आवाज २२ पट्ट्यांत विभागते आणि प्रत्येक पट्टीत बोलणे किती, गोंगाट किती हे ठरवून ती पट्टी कमी-अधिक दाबते. हे सगळे दर सेकंदाला शंभर वेळा. भाषणासाठी ते अक्षरशः जादूसारखे वाटते. मात्र ज्याने तानपुरा, संवादिनी, टाळ हे कधी बोलण्याच्या खात्यात मोजलेलेच नाही, त्याच्याकडून त्यांची कदर होण्याची अपेक्षा करणे चुकीचे. कीर्तनाचे प्रक्षेपण करणाऱ्यांनी तर विशेष सांभाळावे, कारण तेथे गद्य आणि पद एकाच माइकवर मिनिटामिनिटाला बदलते. अशा वेळी फिल्टर न लावता माइक तोंडाजवळ घेणे आणि शक्य तर दोन पंखे बंद करणे, हा जुनाच उपाय बरा.

आवाजाविषयी आणखी एक सांगायचे तर, चित्र थोडे धूसर असले तरी प्रेक्षक बसून राहतो. आवाज फाटला की तो दोन मिनिटांत उठतो. ओबीएसच्या मिक्सरमधील पट्टी उणे २० डेसिबलपर्यंत हिरवी, तेथून उणे ९ पर्यंत पिवळी आणि पुढे लाल असते. बोलण्याचे उंचवटे पिवळ्यात राहावेत, लालमध्ये सहसा जाऊ नयेत, आणि टाळ्यांचा कडकडाट शून्याला धडकू नये म्हणून शेवटी लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा फिल्टर, लावावा. पहिल्या वर्षी आमच्या साउंडवाल्यांनी त्यांच्या मिक्सरची लाइन मला दिली आणि मी ती संगणकाच्या माइकच्या भोकात खुपसली. माइकच्या भोकाला कुजबुजीएवढा संकेत अपेक्षित असतो; लाइनचा संकेत त्याच्या कितीतरी पट मोठा. परिणामी उद्घाटकांचे भाषण फुटक्या लाउडस्पीकरवरून यावे तसे गेले. “आमच्याकडून सगळं बरोबर जातंय,” असे साउंडवाले सांगत राहिले, आणि ते खरेच होते. पुढच्या वर्षी एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लाइनचा आवाज संगणकात नीट घेणारी डबी, घेतला आणि तो प्रश्न मिटला.

चित्राकडे वळतो. आम्ही १२८० बाय ७२० ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चौकटींचे (म्हणजे फ्रेमचे) चित्र पाठवतो. ओबीएसच्या नेहमीच्या रंगपद्धतीत प्रत्येक ठिपक्याला सरासरी १२ बिट लागतात, म्हणजे एक चौकट सुमारे १३.८ लाख बाइटांची झाली. सेकंदाला अशा २५ चौकटी म्हणजे सुमारे २७६ मेगाबिट. वाचनालयाच्या ब्रॉडबँडवरून आम्ही पाठवतो ते मात्र फक्त अडीच मेगाबिट. एकशे दहा पटींची ही घट एन्कोडर करतो, आणि संगणक तापतो तो याच कामाने. आमच्या जुन्या डेस्कटॉपवर हे काम एक्स-२६४ हा एन्कोडर करतो, जो स्वतःही मुक्तस्रोत आहे आणि व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या संस्थेच्या छत्राखाली वाढला. त्याला ‘अल्ट्राफास्ट’पासून पुढे मंद होत जाणाऱ्या पायऱ्या आहेत, जितकी मंद पायरी तितका तो अधिक विचार करून चित्र दाबतो आणि तितकीच प्रोसेसरची दमछाक होते. आम्ही ‘व्हेरीफास्ट’वर आहोत. एकदा उत्साहाच्या भरात ‘मीडियम’ निवडले, तेव्हा वक्त्याचा हात खाली यायच्या आत त्याचे पुढचे वाक्य सुरू होत असे. ज्यांच्या संगणकात हेच काम वेगळ्या चिपवर करणारे एनव्हिडियाचे कार्ड किंवा इंटेलची क्विक सिंक सोय आहे, त्यांनी ती निवडून मोकळे व्हावे.

अडीच मेगाबिट चित्राचे आणि १६० किलोबिट आवाजाचे धरले तर तासाला सुमारे १.२ जीबी डेटा जातो, हे आकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कार्यक्रम करणाऱ्यांनी आधीच मांडून ठेवावेत. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला वेग बहुधा उतरवून घेण्याचा, म्हणजे डाउनलोडचा असतो. आपल्याला हवा असतो अपलोडचा, आणि त्याचा निम्मा तरी मोकळा ठेवून उरलेल्यात बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचे बिट, बसवणे शहाणपणाचे. शिवाय संगणक वाय-फायवर न ठेवता केबलनेच जोडावा. श्रोते येऊ लागले आणि त्यांच्या खिशातले फोन वाचनालयाच्या वाय-फायला लागले की काय होते, ते आम्ही दुसऱ्याच दिवशी पाहिले.

अडखळणारे प्रक्षेपण नेमके कशाने अडखळते हे समजण्यासाठी ओबीएसमध्ये ‘स्टॅट्स’ नावाचा रकाना आहे, आणि माझ्या मते संपूर्ण सॉफ्टवेअरमधील तो सर्वांत प्रामाणिक भाग आहे. त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी वेगवेगळ्या ओळींत नोंदवल्या जातात. चित्र रचतानाच उशीर झाला तर दोष ग्राफिक्सचा. रचले पण दाबायला उशीर झाला तर दोष एन्कोडरचा. दोन्ही वेळेत झाले पण बाहेर जाऊ शकले नाही तर दोष इंटरनेटचा. पाहणाऱ्याला तिन्ही प्रकारांत चित्र सारखेच अडखळलेले दिसते, आणि म्हणूनच तो एकच गोष्ट सांगतो: “तुमचं नेट बघा.” त्या दुसऱ्या दिवशी ड्रॉप झालेल्या, म्हणजे बाहेर न जाऊ शकलेल्या, चौकटींचा आकडा चार टक्क्यांवर गेला आणि एन्कोडरची ओळ शून्यावर स्थिर होती, तेव्हा मी संगणकाला हात न लावता ग्रंथपालांकडे जाऊन वाय-फायचा पासवर्ड बदलून घेतला. दहा मिनिटांत आकडा वाढायचा थांबला. श्रोते थोडे नाराज झाले.

आता सर्वांत मोठ्या नुकसानीची गोष्ट. पहिल्याच वर्षी, आमच्या तालुक्यातील लोकगीतांवर पन्नास वर्षे काम केलेल्या एका वयोवृद्ध अभ्यासकांचे व्याख्यान होते. त्या दिवशी इंटरनेट बंद असल्याने प्रक्षेपण नव्हते, केवळ मुद्रण करायचे होते, आणि फाइल कोणालाही सहज उघडता यावी म्हणून मी एमपी-४ हा प्रकार निवडला. एक तास वीस मिनिटे व्याख्यान झाले आणि वीज गेली. वक्त्यांनी अंधारात, माइकशिवाय, आणखी अर्धा तास ओव्या म्हणून दाखवल्या आणि सभागृह हलले नाही. वीज आल्यावर मी संगणक चालू केला. फाइल होती, तिचा आकारही भरपूर होता, पण ती कोणत्याही प्लेअरमध्ये उघडेना.

कारण नंतर समजले. साध्या एमपी-४ फाइलमध्ये कोणती चौकट कोठे आहे याची अनुक्रमणिका मुद्रण थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहिली जाते. तोवर फाइल म्हणजे पृष्ठांक न घातलेल्या सुट्या पानांचा गठ्ठा. वीज गेली की अनुक्रमणिका लिहायचे राहते, आणि सारी पाने हातात असूनही पुस्तक वाचता येत नाही. एमकेव्ही हा प्रकार ही नोंद जाता जाता करत असतो, त्यामुळे वीज गेलीच तर शेवटचे काही क्षण तेवढे जातात. ओबीएस स्वतःही एमपी-४ निवडल्यावर तशी सूचना दाखवत असे; मी ती न वाचता पुढे गेलो होतो. एमकेव्हीमध्ये मुद्रण करून मग फाइल मेनूतील ‘रीमक्स’ने त्याचे एमपी-४ करता येते. त्यात चित्र पुन्हा दाबावे लागत नाही, केवळ वेष्टन बदलते, म्हणून दीड तासाच्या फाइललाही फारसा वेळ लागत नाही. २०२४ मध्ये आलेल्या ३०.२ या आवृत्तीपासून ‘हायब्रिड एमपी-४’ हा नवा प्रकारही मिळू लागला, ज्यात मुद्रण मध्येच तुटले तरी फाइल उघडते. त्या अभ्यासकांना आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले आणि ते आले, परंतु त्या ओव्या त्यांनी पुन्हा म्हटल्या नाहीत. “आठवत नाहीत,” एवढेच म्हणाले. आता डेस्कटॉप इन्व्हर्टरवर आहे आणि मुद्रण एमकेव्हीत होते.

याच विषयात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. साध्या सेटिंगमध्ये मुद्रणाची प्रत ‘प्रक्षेपणासारखीच’ ठेवली तर एकच एन्कोडर दोन्ही कामे करतो आणि संगणकावरचा भार वाचतो. मात्र मग मध्यंतरात मुद्रण थोडा वेळ थांबवण्याची सोय मिळत नाही, कारण प्रक्षेपण चालू असताना त्या एन्कोडरला थांबवणार कसे? आम्ही मध्यंतरही मुद्रित होऊ देतो. चहाच्या कपांचे आवाज असलेली ती वीस मिनिटे नंतर कापतो, निदान कापायचे ठरवतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत दोन गोष्टी घरच्या परिस्थितीशी जोडलेल्या आहेत. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, तर अनेक वेबकॅम ६० हर्ट्झ गृहीत धरून आलेले असतात. जुन्या ट्यूबलाइटखाली त्यामुळे चित्रावर आडवे पट्टे सरकत राहतात. ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या गुणधर्मांत जाऊन पॉवरलाइनची वारंवारता ५० केली की ते नाहीसे होतात. सेकंदाला ३० ऐवजी २५ चौकटी घेण्यामागेही हेच कारण. दुसरी गोष्ट चित्र आणि आवाज यांच्या मेळाची. आमचा मुख्य कॅमेरा एचडीएमआय केबलने एका स्वस्त कॅप्चर डोंगलला (कॅमेऱ्याचे चित्र संगणकात घेणाऱ्या डबीला) जोडलेला आहे आणि त्या डोंगलमध्ये चित्र थोडे रेंगाळते, तर आवाज ऑडिओ इंटरफेसमधून तत्काळ पोहोचतो. म्हणजे ओठ हलण्याआधीच शब्द! यावर उपाय अगदी घरगुती आहे. कॅमेऱ्यासमोर उभे राहून एकदा टाळी वाजवायची, तेवढेच मुद्रित करायचे, आणि हात भिडल्याची चौकट व टाळीचा आवाज यांत किती अंतर आहे ते पाहायचे. तेवढे मिलिसेकंद प्रगत ध्वनिगुणधर्मांतील ‘सिंक ऑफसेट’मध्ये भरायचे. आमच्याकडे ते १८० भरले. दरवर्षी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात मी एकटाच व्यासपीठावर टाळ्या वाजवताना दिसतो आणि शिपाईकाका ते आता शांतपणे घेतात.

मराठी लिहिणाऱ्याला ओबीएसमध्ये सर्वाधिक जाचते ती अक्षरपट्टी. वाचनालयाच्या संगणकावर लिनक्स आहे आणि तेथे ओबीएससोबत येणारा मजकुराचा सोर्स फ्रीटाइप या तयार संहितेच्या संचावर (प्रोग्रॅमरांच्या भाषेत ‘लायब्ररी’वर) चालतो. फ्रीटाइप अक्षरांची चित्रे काढते. अक्षरे एकमेकांशी कशी जोडायची हे पाहणे तिचे काम नव्हे. लॅटिन लिपीत त्याने काही बिघडत नाही. देवनागरीत मात्र मी ‘व्याख्यानमाला’ लिहिले आणि पडद्यावर ‘व्‌याख्‌यानमाला’ उमटले. त्याहून वाईट अवस्था ऱ्हस्व वेलांटीची. युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात ती व्यंजनानंतर साठवलेली असते आणि दाखवताना तिला व्यंजनाच्या आधी आणून बसवावे लागते. ते करणारे कोणी नसल्याने ‘विज्ञान’मधील वेलांटी ‘व’च्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि ‘ज्ञ’चे तुकडे झाले. मराठी भाषेच्या भवितव्यावरील व्याख्यानाला अशी पट्टी घेऊन मी थेट प्रक्षेपण सुरू करणार होतो. विंडोजवरील मजकुराचा सोर्स वेगळा आहे आणि तेथे जोडाक्षरे नीट येतात, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तेथील वाचक मला खोटे पाडतील.

लिनक्सवर यातून निघण्याचे मार्ग दोन. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी तयार करून तिचे पारदर्शक चित्र घालणे हा पहिला. तो सोपा आहे, पण ऐनवेळी अध्यक्ष बदलले की सगळे पुन्हा करावे लागते, आणि आमच्याकडे अध्यक्ष ऐनवेळीच बदलतात. दुसरा मार्ग म्हणजे ब्राउझर सोर्स. ओबीएसच्या पोटात क्रोमियम ब्राउझरचे इंजिन आहे; एखादे वेबपान थेट सीनमध्ये ठेवता येते, आणि ब्राउझरला देवनागरी उत्तम येते. मी वीसेक ओळींची एचटीएमएल फाइल लिहिली, देवनागरीचा एक टंक लावला, मागची बाजू पारदर्शक ठेवली. आता नाव बदलायचे तर त्या फाइलमधील एक ओळ बदलून पान ताजे करायचे.

एवढे सगळे फुकट कसे, असा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारला होता, आणि त्यामागे संशय होता तो रास्तच होता. ओबीएस जीपीएल या परवान्याखाली, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिले जाते. त्याची अट थोडक्यात अशी की तुम्ही हे घ्या, बदला, विकासुद्धा. पण पुढे वाटाल तेव्हा संहिताही खुली ठेवा. त्यामुळे उद्या मूळ मंडळींनी काम सोडले तरी आतापर्यंतचे काम कोणी कुलूपबंद करू शकत नाही. खर्च देणग्यांवर आणि यूट्यूब, ट्विच, एनव्हिडिया यांसारख्या प्रायोजकांवर चालतो. लोकांनी अधिकाधिक प्रक्षेपण करावे यातच या कंपन्यांचा व्यवसाय असल्याने त्यात धर्मादाय असे काही नाही. संहिता खुली असली तरी नाव मात्र खुले नसते, हा फरक २०२१च्या नोव्हेंबरात ठळक झाला. ओबीएसच्या संहितेवर स्वतःची आवृत्ती उभारणाऱ्या स्ट्रीमलॅब्सने आपल्या उत्पादनाच्या नावातही ‘ओबीएस’ घातले होते. नाव न वापरण्याची विनंती आपण आधीच केली होती, असे ओबीएसच्या मंडळींनी जाहीरपणे सांगितले आणि त्यानंतर ते नाव बदलले गेले. संहिता घेण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आमच्या सदस्यांना मी हे समजावले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पोथी उतरवून घ्या, पण खाली आमचं नाव घालू नका, असंच ना?” परवान्याचे याहून नेमके भाषांतर मला जमले नसते.

उणिवा आहेतच. चूक मागे घेण्याची साधी सोय, अनडू, ओबीएसमध्ये २०२१ साली, २७व्या आवृत्तीत आली; त्याआधी चुकून सोर्स उडवला की तो मुकाट्याने पुन्हा मांडावा लागे. संपादनाची सोय त्यात नाही, आणि ती नसावी हेच योग्य. प्लगइन, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या जोडसोयी, लावण्याचा मोह मात्र आवरावा. ओबीएसची मोठी आवृत्ती बदलली की जुने प्लगइन कधीकधी चालत नाहीत, आणि हे कळते ते कार्यक्रमाच्या दिवशी. व्याख्यानमाला सुरू होण्याआधीच्या पंधरवड्यात आम्ही कोणतीही आवृत्ती बदलत नाही.

गेल्या वर्षापासून हे काम प्रत्यक्षात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी करते. मी तिला ‘दादा म्हण’ असे सांगून पाहिले, पण ती ‘सर’च म्हणते. तिने आल्या आल्या माझे चार सीन मोडून नीट लावले, एकाच इंटरफेसवरून ‘माइक भाषण’ आणि ‘माइक गाणे’ असे दोन वेगळे सोर्स केले आणि पहिल्यालाच गोंगाटाचा फिल्टर ठेवला. प्रक्षेपणाची गुप्त किल्ली, म्हणजे जिच्या हाती पडेल त्याला आमच्या नावाने प्रक्षेपण करता येईल अशी अक्षरमाळ, मी एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवली होती. तो कागद तिने फाडला आणि यूट्यूबवर नवी किल्ली तयार केली. सीनचा संच निर्यात करून त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आहे आणि तो पेनड्राइव्ह ग्रंथपालांच्या कपाटात, दुर्मिळ पोथ्यांच्या कप्प्यात आहे.

यंदाच्या गाण्याच्या दिवशीही बंगळूरहून फोन आला. तानपुरे छान ऐकू येत होते, पण गायिकेचा चेहरा दिसत नाही अशी तक्रार होती. खरे होते, व्यासपीठावरचे दिवे तिच्या मागे आहेत. आम्ही कलर करेक्शनचा फिल्टर लावून पाहिला, तेव्हा मागची भिंत पांढरीफटक झाली आणि चेहरा राखी. समोरून एक दिवा लावावा लागेल, त्यासाठी व्यासपीठाच्या डाव्या खांबावर विजेचा एक पॉइंट वाढवावा लागेल, आणि तसा अर्ज कार्यकारिणीपुढे गेला आहे.